फाटकापाशी आवाज नाही

४ जानेवारी

तळ्यावरच्या वसाहतीचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. तिथल्या नळाला वास येतो अशी ओरड बरेच दिवस होती, आता त्यात कावीळ सुरू झाली. पाण्याच्या पाइपाला कुठेतरी तडा गेलाय आणि गटाराचं पाणी आत शिरतंय, हे शेंबडं पोरही सांगेल. कुठे, ते सांगायचं मी. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमच्याशिवाय हे कोण करणार?" पाणीखात्यात या इंजिनीयर बाई येऊन वर्षसुद्धा झालं नाही, पण म्हाताऱ्या माणसाला हरभऱ्याच्या झाडावर कसं चढवायचं हे त्यांना बरोबर कळतं.

माझं काम सांगायला अगदी सोपं. लोखंडी सळई जमिनीवर टेकवायची, तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी असते तिला कान लावायचा आणि खाली पाणी निसटतंय का ते ऐकायचं. निसटणारं पाणी बारीक सुसकारा टाकतं. कान तयार असला की खड्डा नेमका कुठे खणायचा ते बोट ठेवून सांगता येतं. खातं मला डॉक्टर म्हणतं ते यामुळेच. मध्ये एक हेडफोनवालं मशीन आणलं होतं, ते स्टोअरमध्ये खोक्यात झोपा काढतंय.

वसाहत आहे तिथे आमच्या लहानपणी तळं होतं. शहर फुगत गेलं, जागा पुरेना, मग राडारोडा टाकून तळं बुजवलं आणि वर घरं उठली. माझी लेक चिऊ तिथेच राहते, दुसऱ्या गल्लीत, कोपऱ्याचं घर. तिला सहावा महिना लागलाय. काम गळ्यात पडलं असं वर लिहिलंय खरं, पण कोणी दिलं नसतं तर मी मागून घेतलं असतं.

जावयाने दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. बायकोपाशी मन मोकळं करावं तर ही त्याचा घोर लावून घेते. तेव्हा इथेच लिहितो.

७ जानेवारी

नव्या भागाला पाणी दुपारी सोडतात. जुन्या शहराचं भागलं की उरलंसुरलं यांना. आवाज पाण्याच्या वेळेतच येतो, म्हणून जेवण उरकून मी आणि मुकादम तिथे हजर.

पहिल्या गल्लीच्या तोंडाशी सळई टेकवली आणि लगेच सुसकारा. म्हटलं, वा, सापडलं. चार पावलं पुढे गेलो, तिथेही सुसकारा. विजेच्या खांबापाशी, दुकानापुढे, मैदानाच्या कडेला, जिथे टेकवावी तिथे तोच आवाज. बारीक, न थांबणारा, मध्ये श्वाससुद्धा न घेणारा. पाइप एवढ्या ठिकाणी फुटला असता तर लोकांच्या नळाला थेंब आला नसता.

मुकादमाने विचारलं, "काय म्हणतोय पेशंट?" मी म्हटलं, "थांब जरा, नाडी लागत नाहीये." तो हसला. मला हसू आलं नाही.

१२ जानेवारी

जिथे आवाज सर्वांत मोठा वाटला तिथे खणलं. खाली पाइप ठणठणीत, माती कोरडी. माझ्या नावावर कोरडा खड्डा याआधी कधी गेला त्याची मला आठवण नाही. मॅडम काहीतरी म्हणाल्या. बहुतेक धीरच दिला असेल, पण हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. मी मान हलवली.

१५ जानेवारी

ही शेजारी गेली होती. जाताना बजावून गेली, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी समोरच पेपर वाचत बसलो होतो. एकही शिट्टी झाली नाही आणि आतलं सगळं करपून कोळसा झालं. कुकर बिघडलाय म्हटलं तर ही माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, जिन्यात मला ऐकू आल्या," म्हणाली. जिन्यात दुसऱ्या कुणाचा तरी कुकर असणार. बिऱ्हाडं काय कमी आहेत?

रात्री जेवताना थोरल्या भावाची आठवण निघाली, म्हणजे मीच काढली. तो त्या तळ्यात गेला तेव्हा मी शाळेत होतो. काठावर त्याचे कपडे घडी घालून ठेवलेले होते, तो टापटिपीचा होता. माणसं दोन दिवस गळ टाकून शोधत होती आणि मी काठाला पालथा पडून पाण्याला कान लावून बसलो होतो. मला वाटायचं, तो आतून हाक मारेल. ऐकायचं काम मी तिथेच शिकलो असं म्हणायला हरकत नाही.

ही म्हणाली, "आज मध्येच काय हे?" मी विषय बदलला. पण खरं सांगायचं तर मला वाटतं, त्या वसाहतीखाली पाइप बोलत नाहीये. तळं बोलतंय. हे कोणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील आणि ते बरोबरच होईल.

१९ जानेवारी

आज जरा बरं लिहायला मिळतंय.

दुसरी गल्ली घेतली. सगळीकडे तोच सुसकारा, अगदी चिऊच्या शेजारच्या घरापर्यंत. भीत भीत चिऊच्या फाटकापाशी सळई टेकवली आणि आवाज गेला. गेला म्हणजे गेलाच. खाली नुसती मऊ, भरलेली शांतता. आईच्या कुशीत कान घालून झोपलं की वाटायचं तसं वाटलं. एवढं बरं वाटलं की मी कान काढलाच नाही. मुकादमाने खांद्याला हात लावला तेव्हा भानावर आलो. सळई हातात किंचित थरथरत होती. वय झालं, दुसरं काय.

चिऊ दारात येऊन उभी. "बाबा, काय ऐकताय? बाळ इकडे आहे, जमिनीत नाही." मी म्हटलं, "तुझ्या दारातली लाइन एकदम स्वच्छ आहे. सगळ्या वसाहतीत एवढी एकच जागा चांगली निघाली." ती म्हणाली, "आई रोज फोन करून जीव खाते, पाणी उकळून पी, उकळून पी. उकळलेल्या पाण्याने मला मळमळतं हो." मी म्हटलं, "मी स्वतः ऐकलंय ना? मग उकळायची काही गरज नाही. आईला मी सांगतो."

तिने तिथेच नळाखाली पेला धरला आणि घटाघटा प्यायली. पोरीचा बापावर केवढा विश्वास. मला आपला उगाच अभिमान वाटला.

२४ जानेवारी

आणखी दोन खड्डे, दोन्ही कोरडे. वसाहतीतली माणसं जमली. एक गृहस्थ म्हणाले, "पाइप शोधताय की पुरलेलं धन?" एक बाई पोराला कडेवर घेऊन आल्या होत्या. पोराचे डोळे हळद लावल्यासारखे पिवळे. त्या पोराचं तोंड तेवढं माझ्याकडे करून उभ्या राहिल्या. गृहस्थांचं बोलणं मी विसरेन, हे विसरता येणार नाही.

मॅडम म्हणाल्या, मशीन काढून बघू या का. हे त्यांनी दोनदा सांगितलं तेव्हा मला कळलं. मी फटकन बोललो, "मग मला घरी बसवा आणि त्या खोक्याला पगार द्या." त्यांनी नकाशा उघडला. दुसऱ्या गल्लीत कोपऱ्यावर तरी एकदा खणून बघू, असंही त्या म्हणाल्या, कारण तिथे गटार आणि पाइप जवळून जातात. मी म्हटलं, तिथे माझी मुलगी राहते, ती जागा मी सोडून दुसऱ्या कोणाला कळणार आहे का? तिथे आवाज नाही. मग त्यांनी तो विषय सोडला.

परतताना चिऊच्या फाटकापाशी थांबलो. सळई टेकवून बराच वेळ शांततेत उभा राहिलो.

२९ जानेवारी

एक नवल लिहून ठेवतो. आज सकाळीच चिऊकडे गेलो होतो. आत जाण्याआधी सवयीने सळई टेकवली तर तिथेही तळं! तोच सुसकारा. सळई उचलून पुन्हा टेकवली, तरी तोच. दुपारी पाण्याच्या वेळेला पुन्हा जाऊन पाहिलं तर शांत. म्हणजे तिथलं तळं दुपारी झोपतं असं म्हणायचं. मुकादमाला सांगितलं तर तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही पण जरा दुपारची झोप घ्या."

२ फेब्रुवारी

तळं घरी आलं.

काल अंथरुणावर पडलो तर उशीत सुसकारा. कूस बदलली तरी तोच. उठून बसलो तरी तोच. सळई नाही, जमीन नाही, तिसऱ्या मजल्यावरची खोली. हिला उठवून विचारलं, तुला पाणी ऐकू येतं का? ती म्हणाली, "कुठलं पाणी?" मी मोरीत जाऊन सगळे नळ घट्ट केले, मग गच्चीवरच्या टाकीपर्यंत जाऊन आलो. ही दाराशी शाल घेऊन उभी होती. तिच्या तोंडाकडे बघवेना.

मला भीती वाटते. सरळ लिहितो, इथे कोण वाचणार आहे? भावाला आम्ही बाहेर काढलं तेव्हा त्याच्या कानातून पाणी वाहत होतं. तेच आता माझ्या कानात येऊन बसलंय असं वाटतं. तळं बुजवलं तेव्हा मी खात्यातच होतो. पाइप कुठून न्यायचे ते दाखवायला काठावर मीच उभा होतो.

५ फेब्रुवारी

हिने मॅडमना फोन केला, माझ्या पाठीमागे. दोघींनी मिळून मला कानाच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. जावयासारखं पुढे घालून नेलं, म्हटलं चला.

काचेच्या खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवणार, ऐकू आली की बटण दाबायचं. मी म्हटलं, चालू करा. बाई काचेपलीकडून म्हणाली, कधीच संपलं. डॉक्टर तरुण होता, माझ्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश बोलला. बारीक आवाज मला आता ऐकू येत नाहीत. आणि जो येतो तो बाहेर कुठे नाही, कानातच आहे. कान थकला की स्वतःच वाजायला लागतो म्हणे. यावर औषध नाही. "रात्री पंखा लावून झोपत जा. बाहेर काही घरघर चालू असली की आतला आवाज झाकला जातो. तुम्हाला एकदम शांत वाटेल."

मी पाणी ऐकणारा माणूस आहे आणि हा मला पंखा ऐकायला सांगतो. पण एक आहे, तळं नव्हतं हे ऐकून जिवाला बरं वाटलं. ते कोरडे खड्डे माझ्या कानाचे होते. भावाने काही केलं नव्हतं.

मॅडमना म्हटलं, मशीन काढा. त्यांनी नुसतं "हो काका" म्हटलं, एकही शब्द जास्त नाही. केबल तुटलीय, ती यायला दोन-चार दिवस लागतील.

७ फेब्रुवारी

पंखा लावून झोपलो. थंडीने ही गारठली, पण डॉक्टरचं म्हणणं खरं निघालं. पंखा फिरायला लागला आणि सुसकारा विझला. नुसती मऊ, भरलेली शांतता. किती दिवसांनी झोप लागली.

संध्याकाळी चिऊकडे जाऊन आलो. ती पडूनच होती. अन्नावर वासना नाही, अंग दुखतं म्हणाली. या दिवसांत असं होतंच. तिच्या खोलीतला दिवा फारच पिवळा आहे, माणसाचा चेहरा कसातरी दिसतो. जावयाला सांगितलं, पांढरा दिवा लाव. ही मात्र येताना वाटभर मागे वळून बघत होती.

८ फेब्रुवारी

पहाटे जाग आली तेव्हा पंखा फिरत होता. शांत वाटत होतं. आणि मग मनात आलं, फाटकापाशी पंखा नव्हता.

फाटकापाशी पंखा नव्हता. मग आवाज कशाने झाकला गेला?

सकाळी तिथे तळं ऐकू आलं, कारण सकाळी पाइपात पाणी नसतं. दुपारी शांत, कारण दुपारी पाणी असतं. सळई थरथरली ती माझ्या हातामुळे नाही. सगळ्या वसाहतीत खाली घरघर होती ती एकाच जागी आणि तिथे मी रोज जाऊन कान लावून उभा राहत होतो. बरं वाटतं म्हणून.

हिला उठवलं नाही. मॅडमना फोन केला. त्या काय म्हणाल्या ते कळलं नाही, मी आपला ओरडत राहिलो, चिऊचं फाटक खणा, चिऊचं फाटक खणा. ही जागी होऊन दारात उभी होती. तिला सगळं एका क्षणात समजलं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही तिला उकळू नको म्हणालात." हे मला स्पष्ट ऐकू आलं.

८ फेब्रुवारी, दुपार

खणलं. हातभर माती काढली आणि खड्डा आपोआप भरायला लागला. काळं पाणी. गटाराची भिंत खचून पाइपावर बसली होती आणि पाइपाची खालची बाजू फाटली होती. पाणी चालू असताना तिथून बाहेर उसळायचं, बंद झालं की तेच चिखलपाणी पाइपात ओढलं जायचं. मुकादम खड्ड्यात उतरला होता, त्याने वर पाहिलं आणि प्रथमच मला डॉक्टर म्हटलं नाही.

लोक जमले होते. मी म्हटलं, "ही जागा मी स्वच्छ आहे म्हणून सांगितली होती. मॅडम खणायला सांगत होत्या, मी खणू दिलं नाही." मॅडम म्हणाल्या, "काका, हे आता नको." पण पिवळ्या डोळ्यांच्या पोराची आई तिथे होती, तिला हे कळायलाच हवं होतं. तिने ऐकून घेतलं. माझ्या अंगावर धावून आली असती तर सोपं गेलं असतं.

चिऊला गाडीत घालून नेलं तेव्हा ती उन्हात आली. दिव्याचा दोष नव्हता.

११ फेब्रुवारी

दवाखाना. पोटुशीला ही कावीळ वाईट, असं मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कागदावर लिहून दिलं, माझ्या कानासाठी. चिऊ झोपेतच आहे. ही तिच्या उशाशी बसते, मी बाहेर बाकावर. जावई दोघांना चहा आणून देतो. मला काही बोलत नाही. बोलला असता तरी चाललं असतं.

१३ फेब्रुवारी

बाळ गेलं. मुलगी होती.

चिऊ जगेल म्हणतात.

१८ फेब्रुवारी

पाइपाचा तुकडा बदलला, गटार बाजूला सरकवलं, खड्डा बुजवला. पाण्याला वास नाही. त्या बाईंचं पोर शाळेत जायला लागलं असं मुकादम सांगत आला. मला बरं वाटावं म्हणून आला होता, भला माणूस आहे.

मी जाऊन फाटकापाशी एकदा सळई टेकवली. आता तिथेही सुसकारा आहे. बाकीच्या वसाहतीसारखा. म्हणजे काम चांगलं झालंय. सळई मॅडमच्या टेबलावर ठेवून घरी आलो. त्या उभ्या राहिल्या.

९ मार्च

चिऊ आमच्याकडे राहायला आलीय. बारीक झालीय, डोळे निवळलेत. माझ्याशी बोलते, चहा घेणार का, औषध घेतलं का, एवढंच. तोंड माझ्याकडे करून, सावकाश, मला कळावं म्हणून. तिला राग असेल तर तो ती कुठे ठेवते कोण जाणे.

रोज सकाळी ती मोठं पातेलं गॅसवर चढवते. आमच्या घरचा पाइप जुना, भक्कम, पाणी काचेसारखं. हे मी तिला सांगत नाही. आज ती पातेल्यासमोर उभी होती तेव्हा मी स्टूल ओढून शेजारी बसलो. पाण्यात आधी बारीक बुडबुडे आले, मग ते खळखळायला लागलं आणि माझ्या कानातलं तळं बुडून गेलं. काहीच ऐकू येईना. मी डोळे मिटून घेतले. वाटलं, हे असंच उकळत राहावं.

"बाबा," तिने माझ्या खांद्याला हात लावला. "झालं पाणी."

तिने गॅस बंद केला आणि मला पुन्हा ऐकू यायला लागलं.